बांड्याचा चांद

गोंदियाला निघाले तेव्हा मेढ्याच्या बाजारात ज्यानं त्यानं मला विचारलं, "तिकडं कोण असतं तुमचं?" कुणीच नसतं. तिकडं एक जुना पिकअप होता, आणि तो मला हवा होता.

जावळीच्या डोंगरउतारावर माझी रोपवाटिका आहे. पावसाळ्यात आमच्या चढावर साध्या गाडीचं काही चालत नाही. चारही चाकांनी ओढणारी गाडीच लागते. माझी जीप तशी आहे, पण ती आता माझ्यापेक्षा जास्त कुरकुरते आणि मागे चार क्रेटच्या वर रोपं घेत नाही. तिला भंगारात द्यायचं मी पक्कं केलं होतं आणि भंगारवाल्याशी बोलणंही झालं होतं. तिच्या जागी मला फोर व्हीलचाच, पण मागे ऐसपैस हौदा असलेला पिकअप हवा होता. नवा घ्यायची माझी ऐपत नाही, आणि जुना ज्याच्याकडे असतो तो सोडत नाही.

मोबाईलवर एका जाहिरातीत फोटो दिसला म्हणून फोन लावला. पलीकडून संथ आवाज आला, "गाडी चांगली आहे बाई. इंजन एक नंबर. पण फोर व्हील लावलं तरी पुढचे चाकं ओढत नाई. दोन पावसाळे झाले. पायजे असन तर या, नाई तर नोका येऊ."

गाडी विकणाऱ्या माणसानं पहिल्याच दमात गाडीचा दोष सांगितल्याचं मी आजवर ऐकलं नव्हतं. आमच्याकडे दोष हा गाडी दारात आल्यावर आपला आपण शोधायचा असतो. त्यात जुन्या फोर व्हीलशी माझं अर्धं आयुष्य झटापट करण्यात गेलेलं, त्यामुळे दोष ऐकून हातही शिवशिवू लागले. मी "घेते" असं फोनवरच कबूल करून टाकलं. त्यांनीही "तुमालेच देतो, जबान देल्ली" म्हणून सांगितलं. मी रेल्वेचं तिकीट काढलं.

कुडव्यापासून पुढे

गोंदिया स्टेशनबाहेर मी मराठीत पत्ता विचारला तर रिक्षावाल्यानं हिंदीत उत्तर दिलं. मी हिंदीवर गेले तर तो मराठीवर आला. "कुडवा नाका ना? बैठो दीदी, सोडून देतो." शहरभर असंच चालतं. पानवाल्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत एका वाक्यात दोन भाषा सुखानं नांदतात आणि कुणाचं काही अडत नाही. आमच्याकडे असं कुणी बोललं तर लोक त्याला दुरुस्त करायला धावतील.

कुडव्याला पिकअप उभा होता. डुलीचंदभाऊ शहरात गाडी घालत नाहीत. "आत गेलं का लोकं हॉर्न वाजवू वाजवू जीव घेते," ते म्हणाले. साठीचा उंच माणूस, खांद्यावर दुपट्टा, बोलणं गाडीसारखंच दमानं. गाडीचा मूळ रंग कोणता हे आता सांगता आलं नसतं. पुढच्या दोन चाकांची मधली टोपणं मात्र पिवळ्याधमक ऑइलपेंटनं रंगवलेली होती. डाव्या टोपणावर लाल ठिपके होते. उजव्याच्या मधोमध पांढरा चांद, आणि त्या चांदाच्या दोन टोकांच्या मध्ये, जरा वर, लाल टिळा. इकडच्या लोकांना हौस दिसते, असं म्हणून मी हसून आत बसले.

गोरेगावच्या रस्त्याला लागलो आणि माझी मान दोन्हीकडे फिरायला लागली. डोंगरात वाढलेल्या माणसाला एवढी सपाट हिरवळ पचायला वेळ लागतो. धानाच्या बांध्या, म्हणजे आमची भाताची खाचरं, त्यांच्यात थरथरणारं पाणी, मध्येच तळं, तळ्याच्या पाळीवर मोह, पुन्हा बांध्या. एका बांधीत माणसाच्या छातीइतके उंच दोन सारस चालले होते. मी ओरडून गाडी थांबवायला लावली. डुलीचंदभाऊंनी थांबवली, पण त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. "थे इथंच रायते," ते म्हणाले, "जोडी आहे. धान तुडवते, पण कोणी हाकलत नाई."

गाडी चालवता चालवता त्यांनी सांगितलं की ते पोवार, त्यांचे पूर्वज माळव्यातून आले.

"कधी आले?" मी विचारलं.

"मी नव्हतो तवा," ते म्हणाले, आणि बराच वेळ आपल्याच बोलण्यावर हसत राहिले.

घराच्या अंगणात फुलवंताबाई उभ्या होत्या. डुलीचंदभाऊंची बायको. ठेंगणी, काटक, पदर खोचलेला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमीच का गाडी नेणारी बाई?"

"हो."

"जेवून घ्या."

स्वागत एवढंच. पण जेवण असं की मी नंतर आठवडाभर घरी त्याचीच गोष्ट करत होते. पहिल्या वाफेचा भात, दाट डाळ, आणि बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी. कोंबांना इकडे वास्ते म्हणतात. किंचित कडसर, चावताना करकरणारी ती भाजी मी तिसऱ्यांदा मागून घेतली तेव्हा फुलवंताबाईंचा चेहरा जरा सैल झाला. मी भाकरी खाणारी आहे हे कळल्यावर त्यांनी काळजीनं विचारलं, "भाकरीनं पोट भरते का?" आमच्याकडे हाच प्रश्न भाताबद्दल विचारतात.

जेवण झाल्यावर त्या सरळ मुद्द्यावर आल्या. "गाडी पोळा झाल्यावर न्या. परवा पोळा आहे. पोळ्याच्या तोंडावर कोणी गोठ्यातून बैल काढते का?"

तेव्हा मला चाकांचा उलगडा झाला. घरची शेवटची बैलजोडी, कबऱ्या आणि बांड्या, विकली त्याच वर्षी हा पिकअप एका लाकडाच्या ठेकेदाराकडून घेतला. पहिला पोळा आला, गोठा रिकामा. फुलवंताबाईंना ते बघवेना. त्यांनी शिंगांसाठी आणून ठेवलेला रंग गाडीच्या पुढच्या चाकांना लावला. डावीकडे कबऱ्या जुंपला जायचा म्हणून डाव्या चाकाला त्याचे ठिपके. उजवीकडे बांड्या, त्याच्या कपाळावर जन्मतःच पांढरा चांद होता आणि पोळ्याला त्या त्याच्या वर टिळा लावत, म्हणून उजव्या चाकाला चांद आणि टिळा. तेव्हापासून दर पोळ्याला नवा हात बसतो. गाडी उभी राहते तीही गोठ्यातच.

"मग विकता कशाला?" मी विचारलं.

"मी कोठी इकून राहिली?" त्यांनी नवऱ्याकडे हनुवटी केली. "यायले इचारा."

डुलीचंदभाऊंनी शांतपणे सांगितलं. त्यांची स्वतःची एक बोडी आहे, म्हणजे शेतातलं लहान तळं. दर पावसाळ्यात त्यात माशांची पिल्लं सोडायची, उन्हाळ्यात मासे काढायचे. पिल्लं म्हणजे बोटुकली, बोटाएवढी. पण बोडीच्या अलीकडे नाला आहे आणि त्याचा चढ चिकणमातीचा. मागच्या वर्षी गाडी तिथं रुतली, ट्रॅक्टर शोधून आणेपर्यंत पिशव्या उन्हानं तापल्या आणि सगळी बोटुकली मेली. वर्षभर बोडी रिकामी राहिली. "बोडीपर्यंत नाई जात थे गाडी काय कामाची? इकून साधी लहान गाडी घेतो. बोडी देऊन टाकतो कोणाले करायले."

बोलताना त्यांचा आवाज बदलला नाही. फुलवंताबाई मात्र उठून आत गेल्या.

दुपारभर मी गाडीखाली होते. माझ्या जीपला पुढच्या दोन चाकांच्या मधोमध एकेक चकती आहे. चिखल आला की खाली उतरून ती पाव फेरा फिरवायची, म्हणजे चाक आतल्या आसाला जोडलं जातं. उलटी फिरवली की चाक मोकळं. म्हणून मी आधी तेच विचारलं, "भाऊ, याला लॉक कुठं आहेत?"

"लॉक दरवाज्याले आहे," ते म्हणाले. घेतल्यापासून त्यांनी चाकाला कधी काही फिरवलं नव्हतं. पहिली कितीतरी वर्षं नुसता सीटशेजारचा दांडा ओढला की चारही चाकं ओढायची. पुष्कळ जुन्या गाड्यांना चकत्या काढून कायमची टोपणं बसवलेली असतात. रंगाच्या जाड थराखाली मला तशीच टोपणं दिसली आणि मी पुढे गेले.

सीटशेजारचा तो दांडा धरला आणि मला गुन्हेगार सापडला. दांड्याच्या रबरी पिशवीखाली धानाचा कोंडा आणि चिखल ठासून बसला होता, दांडा पुरता जातच नव्हता. मी तो सगळा कोरून काढला, तेल दिलं, आणि दांडा खट्ट करून बसला. अंगणात गाडी पुढे-मागे केली. "झालं," मी जाहीर केलं. "आता ओढेल."

डुलीचंदभाऊंना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच फोन करून बोटुकली सांगून टाकली. "तुमची गाडी, पण शेवटचं एक काम करून देऊन राहिली असं समजा," ते मला म्हणाले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. चिखलात घालून बघायचं काही मला सुचलं नाही.

नाल्यात

सकाळी तिरोड्याच्या बाजूला बोटुकली आणायला गेलो. दूर वीजकेंद्राची धुराडी आभाळात गेलेली आणि इकडे टाक्यांमध्ये चिमुकल्या माशांची पळापळ, असं ते दृश्य होतं. पाणी आणि वर प्राणवायू भरून फुगवलेल्या पिशव्या. प्रत्येकीत रोहू, कटला, मृगळ यांची शेकडो पिल्लं. हौद्यात ओली पोती अंथरून त्यावर पिशव्या रचल्या, वर पुन्हा ओली पोती. फुलवंताबाई मागेच बसल्या, पिशव्यांना टेकून. मी पुढे या म्हटलं तर म्हणाल्या, "लेकरायले एकटं ठेवते का कोणी?"

मला हे लोक तिथंच आवडून गेले. आमच्याकडे मासा म्हणजे बाजारातून वजनावर आणायची वस्तू. इथं त्याला बीज म्हणतात, पेरतात आणि वर्षभर वाट बघतात.

परतताना गोरेगावात पोळ्याचा बाजार भरला होता. बैलांच्या झुली, घुंगरांच्या माळा, रंगाचे डबे. डुलीचंदभाऊ घाई करत होते तरी फुलवंताबाईंनी उतरून पिवळा, लाल आणि पांढरा असे तीन छोटे डबे घेतले. "शेवटचा हात," त्या एवढंच म्हणाल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाईट वाटत होतं, पण गाडीही हवी होती.

नाल्याशी आलो तेव्हा ऊन कडक झालं होतं. डुलीचंदभाऊंनी दांडा ओढला, तो खट्ट वाजला, मी "चला" म्हटलं. गाडी नाल्यात उतरली, पाणी ओलांडलं, चढाला लागली आणि निम्म्यावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. चिखल उडाला. गाडी हळूच तिरकी होऊन बसली.

डुलीचंदभाऊंनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि समोर बघत राहिले. मागच्या वर्षी हीच जागा होती. मला लाज वाटली. माझ्या एका "झालं"वर ते पिशव्या घेऊन इथं आले होते.

फुलवंताबाई खाली उतरल्या, एक पिशवी डोक्यावर घेतली आणि चढायला लागल्या. चार पावलांवर त्यांचा पाय सरकला. पिशवी शेताच्या बांधावर आपटून फाटली आणि सगळी पिल्लं चकाकत शेजारच्या धानाच्या बांधीत गेली. त्या चिखलात बसल्या बसल्या बघत राहिल्या. "घ्या," त्या म्हणाल्या, "शेजाऱ्याच्या भातात आपली भाजी." एरवी मी हसले असते.

मी बाजूला, गाडीपासून लांब उभी राहिले. "भाऊ, फोर व्हीलमध्येच ठेवा आणि अगदी हलकी रेस द्या," मी सांगितलं. वाकून बघितलं. पुढच्या चाकांकडे जाणारा लोखंडी दांडा फिरत होता. म्हणजे आतला गिअर लागत होता, माझी कालची सफाई फुकट नव्हती. पण पुढची दोन्ही चाकं ढिम्म होती. इंजिनाची ताकद पुढे येत होती आणि चाकापर्यंत पोचायच्या आत कुठंतरी सांडत होती.

असं एकाच कारणानं होतं. पुढचं एक चाक आतून सुटलेलं असलं की सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूला पळते आणि दुसरं चाकही ओढत नाही. मी हे डुलीचंदभाऊंना सांगितलं. त्यांना पटकन समजलं. "एका बैलानं मान काढून घेतली का दुसऱ्याच्यानं गाडा ओढत नाई," ते म्हणाले. "तसं?"

"अगदी तसं. पण मान कुणी काढली? लॉक तर नाहीत म्हणता."

मी उजव्या चाकाशी गुडघे टेकले. रंगाचे इतके थर होते की टोपण गुळगुळीत गोटा झालं होतं. बोटांनी चाचपडताना चांदाच्या भोवती एक बारीक गोल रेघ हाताला लागली. डोळ्यांना ती दिसत नव्हती.

"बाई," मी विचारलं, "या चाकाला मध्ये कुणी हात लावला होता?"

फुलवंताबाई चिखलाचे हात पदराला पुसत आल्या. "लावला होता ना. दोन वर्सं झाले. बेरिंग बदलाले एका मेकॅनिकनं खोललं. त्यानं बांड्याचा चांद वाकडा करून ठेवला."

"वाकडा म्हणजे?"

"टिळा एकीकडं, चांदाचे शिंगं दुसरीकडं. असा कोठी रायते का चांद? मले लय राग आला. मंग पोळ्याले मी त्याच्यावर पिवळा मारला आणि सरळ काढला."

मी पुन्हा चाकाकडे वळले. मग विळा मागितला. त्यांनी कमरेचा काढून दिला. विळ्याच्या टोकानं मी रंग खरवडायला लागले. वरचा पांढरा चांद निघाला, त्याखालचा पिवळा निघाला, आणि त्याखाली जुना चांद दिसला. तो आडवा पडला होता. टिळा जिथल्या तिथं बाहेरच्या कड्यावर, आणि चांद पाव फेरा फिरून भलतीकडे तोंड करून बसलेला. माझ्या जीपला आहे तशीच चकती होती ती, आणि तिच्यावरची 'लॉक' आणि 'फ्री' ही अक्षरं कितीतरी पोळ्यांच्या रंगाखाली गाडली गेली होती. ठेकेदारानं दोन्ही चकत्या जोडून ठेवलेल्या, म्हणून इतकी वर्षं कुणाला काही फिरवावं लागलं नाही. मेकॅनिकनं ही एक मोकळी केली आणि परत फिरवायला विसरला. आणि फुलवंताबाईंनी मायेनं त्या चुकीवर रंग दिला, दोनदा.

मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आडव्या चांदावर बोट टेकवलं. "म्हणजे मीच बांड्याले सोडून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच तर सांगितलंत कुठं बिघडलं ते," मी म्हटलं. "मी काल त्याच चांदाकडे बघून नुसती हसले होते."

डुलीचंदभाऊंनी चिंधी डिझेलमध्ये भिजवून आणली. रेघेतून डिझेल पिळलं, विळ्यानं रेघ मोकळी केली, पान्ह्यानं हलके ठोके दिले. मग मी पकड लावली. हलेना. फुलवंताबाईंनी मला बाजूला केलं, चाकावर दोनदा थाप मारली, जशी बैलाच्या मानेवर मारतात, आणि स्वतः पकड धरली. "चाल रे," त्या हळू म्हणाल्या. चकती कुरकुरली आणि फिरली. जुना चांद उठून आपल्या टिळ्यासमोर येऊन उभा राहिला.

गाडी बोटभर पुढे, बोटभर मागे केली. आत कुठंतरी खट्ट झालं. डुलीचंदभाऊंनी हळू रेस दिली. पुढची चाकं फिरली, चिखलाला चावली, आणि त्या म्हाताऱ्या गाडीनं आम्हाला सावकाश वर काढलं. मागून फुलवंताबाई चालत येत होत्या. त्या रडत होत्या आणि लपवत नव्हत्या.

बोडीवर पोचल्यावर पिशव्या लगेच फोडल्या नाहीत. तशाच बंद पिशव्या पाण्यावर सोडल्या. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं गार होऊ द्यायचं, नाही तर पिल्लांना धक्का बसतो. फुगलेल्या पिशव्या कमळांच्या पानांत डुलत होत्या आणि आम्ही तिघं पाळीवर बसलो होतो. मग डुलीचंदभाऊ कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि एकेक पिशवीचं तोंड सोडत गेले. बोटुकली क्षणभर घोळक्यानं थांबायची, आणि मग नाहीशी व्हायची. मी आयुष्यात बघितलेल्या सुंदर गोष्टींत याची गणती करते.

ते वर आले तेव्हा फुलवंताबाई म्हणाल्या, "गाडी नाई देत आता."

डुलीचंदभाऊंचा चेहरा उतरला. "जबान देल्ली आहे आपण. बाई एवढ्या दुरून आल्या."

"जबान कोणत्या गाडीची देल्ली? पुढचे चाकं ओढत नाई त्या गाडीची. हे तर ओढते. हे दुसरी गाडी झाली."

मला राग आला. खरंच आला. एवढा प्रवास, वर दुरुस्तीही मीच केलेली. मी तसं तोंडावर सांगितलं.

"येऊ द्या राग," त्या म्हणाल्या. "मले बी आला असता."

डुलीचंदभाऊ ओल्या कपड्यांनिशी माझ्यासमोर उभे राहिले. "तिचं नोका ऐकू. तुमी म्हणान तर पोळा झाला का चाबी तुमच्या हातात. माझी जबान आहे." ते मनापासून बोलत होते. आता सगळं माझ्यावर आलं होतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

पोळा

आमच्याकडे बेंदूर आषाढात होऊन जातो, यांचा पोळा श्रावणाच्या अमावास्येला. दुपारी गावाबाहेर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं आणि त्याखाली बैल रांगेनं उभे राहिले. आधीसारखे फार नाहीत. रांगेच्या शेवटी आमचा पिकअप. मला वाटलं होतं लोक टिंगल करतील. शेजारचा बैलवाला फक्त म्हणाला, "जरा मांगं घ्या जी, माझा बैल बुजते," आणि गाडी जरा मागे घेतली. लोकांनी बैलांना ओवाळलं तसं फुलवंताबाईंनी चाकांना ओवाळलं, पुरणाचा घास दाखवला आणि तो मला खायला दिला.

सकाळी त्या रंगाचे डबे घेऊन चाकाशी बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनीच कागदाची बारीक पट्टी कापून चकतीभोवतीच्या रेघेत बसवली, म्हणजे रंग आत जाऊ नये. मग चकतीवर चांद काढला आणि बाहेरच्या कड्यावर टिळा. "आता कसं," त्या म्हणाल्या, "टिळा शिंगाच्या मधात आला म्हणजे जुपलं. बाजूले गेला म्हणजे मोकळं. कोणाले इचारायचं काम नाई." डाव्या चाकाच्या कबऱ्यालाही त्यांनी तोच हिशेब लावला, एक ठिपका चकतीवर, एक कड्यावर. ज्या रंगानं दोष झाकला होता त्याच रंगानं त्यांनी खूण केली. मला त्यांचा हेवा वाटला.

पोळा फुटला, बैल घराकडे उधळले, त्यांच्या मागून पिकअप चिखल तुडवत निघाला. डुलीचंदभाऊंनी घरी आल्यावर चावी काढून माझ्यासमोर धरली.

"भाऊ," मी म्हटलं, "माझ्या चढाला चालणारी गाडी हवी होती मला. ही बोडीला चालणारी आहे." त्यांनी चावी लगेच मागे घेतली नाही. फुलवंताबाईंनीच ती त्यांच्या हातातून घेतली आणि खुंटीला लावली.

निघताना त्यांनी मला तांदळाची एक गोणी दिली, आणि कागदात बांधून रंगाची खपली, विळ्यानं खरवडलेली. आडवी धरली की पिवळा, पांढरा, पुन्हा पिवळा असे पोळ्यावर पोळे दिसतात. "गाडी नाई देल्ली," त्या म्हणाल्या, "पण बांड्याचं काईतरी न्या."

घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी जीपच्या चकत्यांवर चांद काढले आणि कड्यांवर टिळे. तिच्याही खुणा कधीच्या पुसल्या होत्या, मी नुसत्या अंदाजानं फिरवत होते. आता चढावर उतरले की आधी चाकावर दोन थापा मारते, मग चांद सरळ करते. उगाच, पण करते.

भंगारवाला ठरल्याप्रमाणे आला. त्याला म्हटलं, "बेंदूर झाल्यावर ये."

तो म्हणाला, "बेंदूर होऊन गेला की, ताई."

"मग पुढचा झाल्यावर ये," मी म्हटलं, आणि जीपमध्ये रोपं भरायला लागले.